मेल गेला, पण पोचला का?

आजचा प्रश्न साधा वाटेल. वेबसाइटवर कुणी ‘पासवर्ड विसरलो’ दाबतं आणि स्क्रीनवर येतं, ‘तुम्हाला मेल पाठवला आहे’. हे वाक्य कितपत खरं असतं? समजा, प्रवेश अर्जाचा शेवटचा दिवस आहे, रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मेल येत नाही. त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीनं तुमची साइट बंदच आहे. तुमचा सर्व्हर मात्र म्हणतो, माझं काम झालं.

पोस्टाच्या खिडकीवर मिळते ती पावती. पत्र ज्याचं त्याला मिळालं की येते ती पोचपावती. मेलमध्ये आपण पहिलीलाच दुसरी समजतो, आणि घोळ इथंच होतो.

मेल पाठवण्याची पद्धत, म्हणजे एसएमटीपी, 1982 साली जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली. त्यात समोरचा सर्व्हर आकड्यांत उत्तर देतो. 250 म्हणजे ‘घेतलं, आता जबाबदारी माझी’. मेल इनबॉक्समध्ये टाकला की स्पॅममध्ये, ते तो सांगत नाही. 4 नं सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नको, नंतर ये’. 5 नं सुरू होणारा म्हणजे ‘नाही म्हणजे नाही’.

यातला ‘नंतर ये’ महत्त्वाचा. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दामच परत पाठवतात. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. खरा मेल सर्व्हर थोड्या वेळानं पुन्हा येतो, स्पॅमवाले बरेचदा येत नाहीत. आता तुमच्या ॲप्लिकेशननं एकदाच प्रयत्न करून सोडून दिलं, तर ते कुणासारखं वागलं? म्हणून मेल थेट ॲपमधून बाहेर पाठवू नका. तो पोस्टफिक्ससारख्या प्रोग्रॅमच्या हाती द्या. तो रांग सांभाळतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मात्र पोस्टफिक्स मूळ सेटिंगनुसार 5 दिवस प्रयत्न करत राहतो. पासवर्डची लिंक एका तासात बाद होत असेल, तर परवा पोचलेला मेल काय कामाचा? अशा मेलसाठी ही मुदत कमी ठेवा.

दुसरा भाग ओळखीचा. एसएमटीपीत पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो. त्यामुळे घेणारा ओळखपत्र मागतो. तीन नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये लागतात. एसपीएफ सांगतं, आमच्या नावानं कोणकोणत्या आयपीवरून मेल येऊ शकतो. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर सही. ती तपासायची किल्ली डीएनएसमध्ये असते. पण एसपीएफ तपासतं ते आतल्या पाकिटावरचं नाव, वाचणाऱ्याला दिसणारं नव्हे. ही फट डीमार्क बुजवतं: दिसणारं डोमेन या दोहोंपैकी निदान एकाशी जुळलंच पाहिजे. सुरुवातीला डीमार्कचं धोरण ‘नन’ ठेवा आणि अहवाल मागवा. तुमच्या नावानं कोण कोण मेल पाठवतंय ते कळेल. मग हळूहळू कडक करा. चौथी गोष्ट, सर्व्हरच्या आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद. ती बहुधा आयपी देणाऱ्या कंपनीकडून करून घ्यावी लागते.

हे आता ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी 2024 पासून, जीमेल खात्यांना दिवसाला 5,000 किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना गुगलनं या तिन्ही नोंदी बंधनकारक केल्या. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांपर्यंत जाऊ देऊ नका, असंही सांगितलं. याहूनं तसेच नियम आणले.

मग स्वतःचा सर्व्हर चालवायचा का? ॲमेझॉनच्या ईसी2 वर आणि गुगल क्लाउडवर बाहेर जाणारं 25 नंबरचं पोर्ट मुळातच अडवलेलं असतं. शिवाय नव्या आयपीला पत नसते, आणि जुन्या आयपीवर आधीच्या भाडेकरूचा डाग असू शकतो. त्यामुळे बहुतेकांनी रिले सेवा घ्यावी. तिथं 587 पोर्टवर लॉगिन करून मेल सोपवता येतो. पण सेवा घेतली म्हणून पत आपोआप येत नाही. डोमेन तुमचंच असतं. जाहिरातीचे मेल वेगळ्या सबडोमेनवरून पाठवा, नाहीतर सेलच्या मेलला वैतागलेल्या लोकांच्या तक्रारी तुमच्या पासवर्डच्या मेलला भोवतील. कायमचे परत आलेले पत्ते यादीतून काढा. रांग वाढली तर तुम्हाला इशारा येईल अशी सोय करा, आणि तो इशारा मेलनं पाठवू नका!

घरी गेल्यावर एवढं करा. तुमच्या साइटवरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, तिघांपुढे ‘पास’ दिसतंय का बघा. नसेल, तर उद्याचं पहिलं काम ठरलं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.