सिस्टर, जरा ऐकता का?

वाचकहो, उपकेंद्रावरचा हा प्रसंग तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. बाई डोक्यावर पदर घेऊन उभी. शेजारी सासू, दारात नवरा. सिस्टर रजिस्टरमधून मान वर न काढता विचारतात, "काय होतंय?" बाई म्हणते, "काय नाय, कंबर दुखती जराशी." चार गोळ्या मिळतात, बाई घरी जाते. खरे दुखणे अंगावरून पांढरे जाण्याचे. ते सासू-नवऱ्यासमोर कसे सांगायचे? तसेच अंगावर काढायचे.

हे न बोललेले दुखणे आपल्या जिल्ह्याला केवढ्याला पडले, ते २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक! त्यात चाळिशी न गाठलेल्या पुष्कळ.

याला कारणे अनेक आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, एक खाडा पडला तरी पैसे कापले जाणार. फडावर ना संडास, ना न्हाणी, ना पुरेसे पाणी. हे सगळे खरेच. पण पांढरे जाण्यामागे पुष्कळदा साधा जंतुसंसर्ग असतो, तो वेळेवर औषध घेतले तर बरा होतो. ही तक्रार सुरुवातीला कोणी बसून ऐकली नाही. पुढे कोणीतरी "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल" असे सांगितले, ते मात्र बाईने ऐकले. पिशवीबरोबर अंडकोष, म्हणजे बीजांडे काढली गेली, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास तरुणपणीच सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात, हे ऑपरेशनच्या आधी किती जणींना सांगितले गेले असेल? तुम्हीच आपल्या गल्लीत विचारून बघा.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी कसे बोलावे, हा भाग असतो. ही काही आजची गोष्ट नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकातच लिहून ठेवले की, रुग्णाशी बोलताना त्याच्या नजरेसमोर बसावे, त्याला मान वळवायला लावू नये. बसण्याला पैसे लागत नाहीत. आमच्याकडे मात्र खुर्ची एकच, आणि तिच्यावर रजिस्टर!

अर्थात सिस्टरलाही दोष किती द्यायचा? एका उपकेंद्राकडे साधारण ५,००० लोकसंख्या धरलेली. लसीकरण, बाळंतपणे, शिबिरे आणि वर कागद. तरीही अनुभवी सिस्टर काही गोष्टी सहज करतात. सासूला म्हणतात, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा, मी हिचं पोट तपासते." दार लोटले की बाई बोलू लागते. मग "काही त्रास आहे का?" असे न विचारता "पाळी कशी येते, मागच्या वेळी काय झालं, सांग बरं" असे विचारतात. "का" लावून विचारले की उत्तर "नाय" हेच येणार.

गोळ्यांचेही तसेच. "जेवणानंतर तीनदा" म्हटले की बाई मान हलवते. पण फडावरची बाई पहाटे अंधारात उठते आणि दोनदाच जेवते, मग तिसरी गोळी कधी घेणार? म्हणून "समजलं का?" यापेक्षा "आता तू मला सांग, कोणती गोळी कधी घ्यायची" हे बरे. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, मळमळते. हे आधी सांगितले नाही, तर "गोळी गरम पडली" म्हणून पाकीट उकिरड्यावर जाते. चहाबरोबर घेऊ नको, हेही त्याच वेळी सांगायचे.

शेजारच्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा त्यांनी आरोग्यसेविका निवडल्या त्या खेड्यातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बाया. गावची बाई गावच्या बाईशी जे बोलते, ते डॉक्टरपाशी बोलत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर आपल्या गावोगावी आशाताई आल्या. त्यांच्या ओट्यावर बसून जे कळते, ते सिस्टरच्या कानावर गेले पाहिजे, नुसते फॉर्मवर नव्हे.

गोऱ्हे समितीने तोडीला जाण्यापूर्वी आणि आल्यावर बायकांची तपासणी व्हावी, असे सुचवले होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. तुमच्या घरची कोणी जाणार असेल, तर त्याआधी तिला उपकेंद्रावर न्या. आत मात्र तिला एकटीला जाऊ द्या, आणि तुम्ही बाहेर लिंबाखाली बसा.