मोगऱ्याला फुले कुठे येतात?

हदगावात होळीच्या सुमारास मोगऱ्याला कळ्या धरू लागतात. मग शेजारच्या अंगणात ओंजळभर फुले आणि आपल्याकडे नुसताच पाला, असे का होते?

पाणी कमी पडले असेल म्हणून आपण आणखी पाणी घालतो. चूक बहुधा उलटीच असते. मोगऱ्याच्या कळ्या त्या हंगामातल्या नव्या फुटीच्या टोकाशी येतात. जुन्या फांद्या कितीही दाट असल्या तरी उपयोग नाही. म्हणून जानेवारीत पाणी तोडावे आणि फांद्या निम्म्याने छाटाव्यात. (मोसंबीचा आंबे बहार धरताना बागायतदार ‘ताण’ देतात, तसेच हे.) शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरते आणि पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवते. शेंडा गेला की हे डोळे फुटतात. एका टोकाची दोन-चार टोके होतात, आणि कळ्याही त्याच हिशेबाने वाढतात. फूट दिसताच शेणखत घालून पाणी सुरू करावे.

हिरवे झाड छाटायला हात धजत नाही. माझाही धजला नव्हता. शाळेत दोन झाडे असतील तर एकच छाटा आणि दोन्हींच्या कळ्या रोज मोजा. मोजणी मात्र दुपारीच करा. संध्याकाळी कळ्या उमलतात आणि सकाळपर्यंत कुणाच्या तरी गजऱ्यात गेलेल्या असतात.