तुझं तू, माझं मी

रविवारी रत्नागिरीत चार मित्र जमले की पहिला प्रश्न, जायचं कुठं? दुसरा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारत नाही. खर्च किती?

त्यावर तरुण मंडळींनी काढलेला तोडगा म्हणजे ‘टीटीएमएम’, अर्थात तुझं तू, माझं मी. पण तो सगळीकडे चालत नाही. आरे-वारेमार्गे गणपतीपुळे सुमारे २५ किलोमीटर; जाऊन-येऊन ५०. मोटारसायकलला लिटरभर पेट्रोल लागतं, म्हणजे शंभरावर काही रुपये. त्यात मागं बसणाऱ्याचा निम्मा वाटा हवाच. खाण्याचं मात्र ज्याचं त्यानं द्यावं. एकानं नुसता चहा घेतला, दुसऱ्यानं सुरमईचं ताट, आणि बिलाचे सारखे वाटे केले, तर चहा पिणाऱ्यानं काय पाप केलं?

खरी गोम पुढं आहे. ज्याचा खिसा हलका, तो ‘मला काम आहे’ म्हणतो. दोन-चारदा असं झालं की त्याला कुणी विचारेनासं होतं. मैत्री तुटते ती अशी, न भांडता. म्हणून निघण्याआधीच आकडा ठरवावा, तोही सर्वांत हलका खिसा पाहून.

यात लाज कसली? १८८५ साली राज्य गमावलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजालाही याच गावात पैशांची ओढाताण सोसावी लागली. भाट्याची वाळू आणि मांडवीचा सूर्यास्त यांना तर तिकीटच नाही. तिथं शेंगदाण्यांची एक पुडी चौघांत फिरवावी. तिचा हिशोब मात्र ठेवू नये.