डोईवरच्या वस्त्राच्या नाना तऱ्हा

हैदराबादेत ज्याचे आयुष्य गेले, त्याला चारमिनारच्या वाटेवर बुरखा दिसणे यात नवल नाही. पण रोज दिसणारी वस्तू माणूस नीट पाहतोच असे नाही. डोक्यावरून वस्त्र घेतले की झाला हिजाब, त्यात तऱ्हा त्या कसल्या, असे पुष्कळांना वाटते. शेजारच्या आपांबरोबर मी पत्थरगट्टीला कापड घ्यावयास गेले, तेव्हा या तऱ्हा किती आहेत ते ध्यानी आले.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. ‘हिजाब’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ आडपडदा. कुराणात डोईच्या वस्त्राला ‘खिमार’ आणि वरून पांघरावयाच्या वस्त्राला ‘जिलबाब’ असे शब्द आले आहेत. आज मात्र केस, कान व मान झाकून चेहरा उघडा ठेवणाऱ्या रुमालालाच सर्वत्र हिजाब म्हणतात. चेहरा झाकतो तो नकाब, आणि सर्वांग झाकतो तो बुरखा.

आता बांधण्याच्या रीती. मलेशियात या वस्त्राला ‘तुडुंग’ म्हणतात. चौकोनी रुमालाची तिरपी घडी घालून त्रिकोण करावयाचा, घडीची बाजू कपाळावर आणावयाची, हनुवटीखाली टाचणी लावावयाची आणि टोके खांद्यांवर सोडावयाची, ही तिकडची रोजची पद्धत. तुर्कस्तानातील बायकांना रेशमी चौकोन प्रिय. आखाती देशांतली ‘शैला’ लांबट असते. तिची एक बाजू आखूड ठेवून लांब बाजू गळ्याभोवती फिरवतात आणि पलीकडच्या खांद्यावर टाकतात. ‘अमीरा’ दोन तुकड्यांची असते, आत घट्ट टोपी व वर नळीसारखे वस्त्र. तिला टाचणीच लागत नाही, म्हणून शाळकरी मुलींना ती सोयीची. इराणी चादर अर्धवर्तुळाकार. तिला ना गुंडी ना बंद, ती हातानेच धरावी लागते. दोन्ही हातांत सामान असले, तर कडा दातांत धरतात!

दुकानात आपांनी कापडांचे गुणदोष सांगितले. शिफॉन दिसावयास सुरेख, पण निसरडे. त्याखाली सुती टोपी हवीच. होजिअरीचे कापड ताणते व जागेवर राहते, पण वैशाखात अंगाची काहिली करते; तेव्हा मलमलच बरी. “कपडा सरक्या तो समझो बांधनाच नै आया,” आपा म्हणाल्या. त्यांच्या मते टाचण्या कमी आणि वेढे नेमके, हीच खरी कसबाची खूण.

आमच्या शहराचे खास वैभव म्हणजे ‘खडा दुपट्टा’. सहा वारांचा हा दुपट्टा नववधू कुर्ती, चोळी आणि चुडीदारावर घेते. खांद्यावर चुण्या बसवावयास जाणत्या बाईचा हात लागतो. तो सोहळा पाहताना मला नऊवारी नेसवणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्या बायका आठवतात. त्यांचा डोईवरचा पदर टाचणीवाचून जागेवर बसे. सासरी तो डोक्यावर असे, माहेरी खांद्यावर उतरे. पदर कोठे असावा हे पुष्कळदा इतरांनीच ठरवलेले असे, हेही विसरून चालणार नाही.

खरा प्रश्न तोच आहे. इराणात 1936 साली रझा शहांनी चादरीवर बंदी घातली आणि भर रस्त्यात पोलिसांनी बायकांच्या डोक्यावरची वस्त्रे ओढली. पुढे 1983 साली त्याच देशात डोके झाकणे कायद्याने सक्तीचे झाले. रुमाल नीट नाही म्हणून पकडलेली बावीस वर्षांची महसा अमिनी 2022 च्या सप्टेंबरात पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. त्याच वर्षी कर्नाटकात हिजाब घालणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर राहावे लागले. सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबरात दोन न्यायमूर्तींची मते दोन दिशांना गेली. फुटबॉलच्या मैदानावर 2011 साली इराणच्या मुलींना रुमालापायी सामना गमवावा लागला. 2014 साली नियम बदलला आणि डोके झाकून खेळण्यास मुभा मिळाली. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या इब्तिहाज मुहम्मदने हिजाब घालूनच तलवारबाजीत सांघिक कांस्यपदक मिळवले.

कोणी सक्तीने बांधावयास लावले काय किंवा सक्तीने सोडावयास लावले काय, दोन्हींत बाईला विचारावयाचे राहूनच गेले.

आपांच्या घरी चार स्त्रिया आहेत. आपा जुन्या धाटणीचा दोन तुकड्यांचा बुरखा घेतात. सुनेला दुपट्टा पुरतो. थोरली नात होजिअरीचा रुमाल घट्ट बांधून औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाते, धाकटी उघड्या डोक्याने वकिली शिकते. पत्थरगट्टीहून आपांनी थोरलीसाठी दोन रुमाल आणले आणि धाकटीसाठी एक फुलाफुलांचा दुपट्टा. “गळ्यात घाल नाहीतर डोक्यावर घे,” एवढेच त्या तिला म्हणाल्या.