उघडी चाके आणि उडणारी गाडी

फॉर्म्युला ४ ही उघड्या चाकांच्या मोटारींच्या शर्यतींची पहिली पायरी. भारतात ही स्पर्धा २०२३ मध्ये प्रथम झाली. मुंबईचा जेहान दारूवाला अशाच एकआसनी गाड्यांच्या पायऱ्या चढत फॉर्म्युला २ पर्यंत पोहोचला. नव्या हंगामाच्या शर्यती मुले टीव्हीवर पाहतील, तेव्हा वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा. मागच्या गाडीचे पुढचे चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला टेकले, तर मागची गाडी हवेत का उडते?

उत्तर दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतही सापडेल. पावसात मडगार्ड नसलेल्या सायकलवरून आलेल्या मुलाच्या पाठीवर चिखलाचा पट्टा असतो. धावत्या चाकाची मागची कड वर जात असते, पुढची खाली येत असते. दोन चाके एकामागे एक टेकली, की पुढच्या चाकाची वर जाणारी कड मागच्या चाकाला उचलते. मागच्या चाकाची खाली येणारी कड तिच्यावर पकड घेऊन चढू पाहते. दोन्ही बले मागच्या गाडीला वरच ढकलतात! वेग ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर असेल, तर या कडा एकमेकींना सेकंदाला १०० मीटर वेगाने घासतात. डब्यांची दोन झाकणे खिळ्यांवर एकाच दिशेने फिरवून हे दाखवता येते.

म्हणून चालकाच्या डोक्यावर 'हेलो' नावाची धातूची कमान असते. २०१८ मध्ये बेल्जियममधील फॉर्म्युला १ शर्यतीत अलोन्सोची गाडी लक्लेरच्या गाडीवरून उडाली. वळ उमटले ते कमानीवर. लक्लेर सुखरूप बाहेर आला.