मासे मोजणारं वीजकेंद्र
शहराची नदी : लेखांक ६

गेल्या लेखांकात आपण 'बीओडी' म्हणजे काय ते पाहिलं. सांडपाण्यातली घाण फस्त करायला जिवाणूंना जितका ऑक्सिजन लागतो, त्याचं हे माप. पण कागदावरचा आकडा उतरला म्हणजे नदी सुधारली असं म्हणायचं का? पाण्याचा नमुना तो घेतला त्या घटकेपुरतंच बोलतो. मासा मात्र त्या पाण्यात रात्रंदिवस राहतो, म्हणून त्याची साक्ष जास्त भरवशाची. आज अशाच एका साक्षीची गोष्ट.

नोव्हेंबर १९७४. लंडनच्या पूर्वेला थेम्सच्या काठी वेस्ट थरॉकचं औष्णिक वीजकेंद्र होतं. यंत्रणा थंड ठेवायला नदीचं पाणी आत ओढलं जाई आणि काडीकचरा आत जाऊ नये म्हणून तोंडाशी जाळ्या बसवलेल्या असत. त्यातल्या एका जाळीवर सामन माशाची मादी सापडली. वजन सव्वाआठ पौंड, म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास. (आपल्याकडे रावसाला 'इंडियन सामन' म्हणतात, पण दोघांचं कूळ वेगळं.) थेम्समध्ये सामन पकडल्याची त्याआधीची शेवटची नोंद १८३३ सालची सांगतात. मधे १४० वर्षं गेली होती.

नदी मेली होती म्हणजे काय?

थेम्सची दुर्दशा एका दिवसात झाली नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनची वस्ती वाढली, घरोघरी फ्लशचे संडास आले आणि त्यांचं पाणी गटारांतून थेट नदीत जाऊ लागलं. १८५८च्या उन्हाळ्यात दुर्गंधी इतकी वाढली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून टांगावे लागले. नाक धरून बसलेल्या खासदारांनी मग झपाट्यानं कायदा केला आणि जोसेफ बाझलगेट या अभियंत्यानं शहराखालून मोठमोठी विटांची गटारं बांधून मैला पूर्वेला, बेक्टन आणि क्रॉसनेस इथे नेऊन सोडला.

शहराचा वास गेला, पण नदीची घाण फक्त पुढे सरकली. थेम्स लंडनमध्ये भरती-ओहोटीची नदी आहे. ओहोटीबरोबर सोडलेला मैला भरतीबरोबर माघारी येतो. पुढे गाळ वेगळा काढून बोटींनी समुद्रात टाकायला सुरुवात झाली, तेव्हा काही दशकं पाणी सुधारलं आणि मासेही दिसू लागले. मात्र विसाव्या शतकात शहर पुन्हा फुगलं. दुसऱ्या महायुद्धात व्यवस्थेची मोडतोड झाली. युद्धानंतर घराघरांत नव्या धुण्याच्या पावडरी आल्या आणि त्यांच्या न विरणाऱ्या फेसामुळे हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरणं आणखी अवघड झालं. वर वीजकेंद्रं गरम पाणी सोडत होतीच.

इथे एक साधं गणित लक्षात ठेवू. एक लिटर हवेत २८० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. वीस अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात तो जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो आणि पाणी तापलं की त्याहून कमी. मासा मुळातच तुटपुंज्या शिधेवर जगणारा. त्यातली वाटणी जिवाणूंनी उचलली की त्याला उरतं काय? पाण्यातला ऑक्सिजन पूर्ण संपला की वेगळ्या जातीचे जिवाणू सूत्रं हाती घेतात. ते पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू, बाहेर टाकतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. पन्नाशीच्या दशकातल्या थेम्सचा वास होता तो हाच.

१९५७च्या सुमारास लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले मत्स्यतज्ज्ञ आल्विन व्हीलर यांनी नदीतल्या माशांचा धांडोळा घेतला. शहराच्या पश्चिमेच्या क्यूपासून पूर्वेच्या ग्रेव्हसेंडपर्यंत त्यांना मासे असे आढळलेच नाहीत. सापडली ती ईल, म्हणजे आपल्या वामीची भावकी. तिचा जीव चिवट, कारण कल्ल्यांखेरीज कातडीतूनही ती थोडाफार श्वास घेऊ शकते. 'जैविकदृष्ट्या मृत नदी' हा शिक्का थेम्सवर बसला तो याच काळात.

पंगत टाकीत बसवा

उपाय चमत्काराचा नव्हता. जिवाणूंची पंगत उठवता येत नाही, पण ती कुठे बसवायची हे आपल्या हातात असतं. मैलापाणी टाकीत घ्यायचं, त्यात हवा सोडायची आणि जिवाणूंना तिथेच पोटभर जेवू घालायचं. ते तृप्त होऊन तळाला बसले की वरचं निवळलेलं पाणी नदीत सोडायचं. नदीच्या ऑक्सिजनवर मग कुणी हात मारत नाही. क्रॉसनेसचं नवं केंद्र १९६०च्या दशकात आलं आणि बेक्टनचं मोठं विस्तारकाम १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं. याच दरम्यान धुण्याच्या पावडरींमध्ये जिवाणूंना पचणारी रसायनं आली आणि फेसही ओसरला.

मासे परतले हे कळलं कसं, ही या कथेतली सगळ्यात गमतीची बाब. एवढ्या रुंद, गढूळ, भरतीच्या नदीत मुद्दाम जाळं टाकून मासे मोजणं महागाचं काम. व्हीलर यांनी काठावरच्या वीजकेंद्रांशी संधान बांधलं. तिथल्या जाळ्यांवर रोज आपसूक काय अडकतं ते बाजूला ठेवा, एवढीच विनंती. नदी बिघडवण्यात ज्या केंद्रांचा हात होता, तीच तिचे मासे मोजू लागली. १९६४पासून एकेक जात यादीत चढत गेली. त्यात तळाला चिकटून राहणारा, लेपीसारखा चपटा फ्लाउंडर होता आणि स्मेल्टही होता. बोटाएवढा, चंदेरी स्मेल्ट हाताला लागला की ताज्या काकडीचा वास येतो. पाण्यात ऑक्सिजन कमी असेल तर तो फिरकत नाही, म्हणून त्याचं येणं म्हणजे नदीला मिळालेली पावतीच. आणि मग १९७४ साली ती सामन.

सोडलेले आणि आलेले

सामननं लोकांना वेड लावलं. हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या नदीत परततो. तो परतला म्हणजे नदी पूर्ण बरी झाली, असा हिशेब मांडला गेला. १९७९पासून थेम्सच्या वरच्या अंगाला सामनची पिल्लं सोडायला सुरुवात झाली आणि बंधाऱ्यांवर माशांसाठी पायऱ्या बांधल्या गेल्या. चांगल्या वर्षी तीनशेहून अधिक मोठे सामन परत आल्याचीही नोंद झाली. पुढे ही संख्या घसरत जवळपास शून्यावर आली. पावसाळी गटारांचं पाणी, उन्हाळ्यात रोडावणारा प्रवाह, जागोजागचे बंधारे आणि अंडी घालायला लागणाऱ्या स्वच्छ रेव-खड्यांचा तुटवडा, अशी कारणं एकात एक गुंतली होती.

२०११ साली एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी या माशांची जनुकं तपासली. २००५ ते २००८ दरम्यान थेम्समध्ये मिळालेले सामन सोडलेल्या पिल्लांचे वंशज नव्हतेच. बहुतेक दक्षिण इंग्लंडच्या शेजारच्या नद्यांतून वाट चुकून आलेले पाहुणे होते. वर्षानुवर्षं पिल्लं सोडूनही त्यांचा वंश नदीत रुजला नव्हता. उलट स्मेल्ट, फ्लाउंडर, बास यांना कुणी आणून सोडलं नव्हतं. खाडीच्या तोंडाशी त्यांची वस्ती टिकून होती आणि पाण्यात श्वास घेण्याजोगा ऑक्सिजन येताच ते भरतीबरोबर वर सरकले. २०२१ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीनं भरतीच्या थेम्सचा अहवाल काढला, त्यात माशांच्या ११५ जातींचा उल्लेख आहे.

हे काम कधी पुरं झालं असं होत नाही. बाझलगेटच्या गटारांत मैला आणि पावसाचं पाणी एकत्र वाहतं. जोराची सर आली की ती भरून नदीत ओसंडत, पाण्यातला ऑक्सिजन कोसळे आणि मासे मरत. म्हणून १९८९मध्ये रोज ३० टन ऑक्सिजन पाण्यात सोडू शकणारी एक खास बोटच नदीत उतरवावी लागली. ओसंडणारं पाणी झेलण्यासाठी नदीखालून खोदलेला २५ किलोमीटरचा बोगदा २०२५मध्ये पूर्णपणे जोडला गेला. पहिली सामन जाळीवर आली त्याला तेव्हा पन्नास वर्षं उलटली होती.

मुठेकडे वळताना

थेम्सचा अहवाल काढणाऱ्या झूऑलॉजिकल सोसायटीचं पुण्याशी जुनं नातं आहे. ईस्ट इंडिया कंपनीतला अधिकारी विल्यम सायक्स यानं दख्खनच्या माशांची वर्णनं लिहिली, ती १८३९ साली याच संस्थेच्या कार्यवृत्तात छापली गेली. मुळा-मुठेतल्या एका महासीराला त्यानं इथल्याच बोलीतलं 'खुद्री' हे नाव दिलं आणि शास्त्रीय नावात ते आजही आहे. थेम्समधला सामन नाहीसा होत होता त्याच सुमारास मुठेतला महासीर लंडनच्या कागदावर नोंदला जात होता.

आज पुण्याच्या पुलांवरून खाली पाहिलं तर मासे दिसतात, नाही असं नाही. पण ती बहुतेक चिलापी आणि आफ्रिकन मांगूर अशी बाहेरून आलेली, घाणीतही तग धरणारी मंडळी. मासे दिसले म्हणून नदी जिवंत झाली, असा निष्कर्ष काढण्याआधी कोणते मासे हे विचारलं पाहिजे. वर्षाकाठी समारंभानं नदीत मत्स्यबीज सोडण्याचे कार्यक्रम होतात, त्यांनाही थेम्सचा सामन हेच उत्तर आहे.

थेम्सला मासे पुरवायला खालचा समुद्र होता. पुण्याला असा समुद्र नाही, त्याचा साठा वरच्या अंगाला आहे. धरणांच्या वरच्या मावळात, डोहांत आणि ओढ्यांत देशी मासे अजून टिकून आहेत. काही देवस्थानांच्या डोहांत मासेमारी वर्ज्य आहे, तिथे ते श्रद्धेनं राखले गेले आहेत. शहरातलं मैलापाणी शुद्ध व्हायला कितीही वर्षं लागोत, तोवर हे डोह, ओढे आणि त्यांतली रेव शाबूत राहिली पाहिजे. नदीचं पाणी पुन्हा स्वच्छ करता येतं, हे थेम्सनं दाखवलं. पण स्वच्छ झालेल्या पाण्यात परतायला मासे कुठेतरी शिल्लक असावे लागतात, आणि मुठेचे मासे आज तरी शिल्लक आहेत.