हळदीच्या मुलखात ऑर्किडची वाटणी

हळदीचं बेणं कसं निवडायचं, हे हदगावात कुणाला शिकवावं लागत नाही. पण कुंडीतलं ऑर्किड म्हटलं की भलेभले बागायतदार हात झटकतात: ‘ते थंड हवेचं, नाजूक, पैसेवाल्यांचं झाड. आपल्याकडच्या उन्हात टिकतंय होय!’ टिकतं की. वसंतात फुलतं आणि एकाची चार रोपंही होतात. फक्त त्याचे काही चक्रम स्वभाव माहीत हवेत.

काळी माती? नको रे बाबा!
कापसाला सोनं असलेली आपली काळी माती ऑर्किडचा जीव घेते. घरात वाढवली जाणारी बहुतेक ऑर्किडं मूळची झाडांच्या फांद्यांवर राहणारी. त्यांच्या मुळांना ओल हवी, पण वाराही हवा. म्हणून कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या भरायच्या. कुंडीला बाजूनेही भोकं असली तर दुधात साखर. पाणी साचलं की मुळं सडलीच म्हणून समजा.

तहान लागली की रंग बदलतो
ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखं एक आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी पांढरं दिसतं आणि पाणी पडताच थोड्या वेळात हिरवं होतं. तेव्हा पाणी घालू की नको, हे शेजाऱ्याला विचारू नका. मूळच सांगतं: पांढरं असेल तर घाला, हिरवं असेल तर थांबा.

बांडगूळ म्हणून तोडू नका
मराठवाडा-विदर्भाच्या पानगळीच्या रानांत जुन्या झाडांवर एक ऑर्किड राहतं: वांडा टेसेलाटा. पिवळट तपकिरी पाकळ्यांवर चौकटीची नक्षी, निळसर-जांभळी जीभ आणि वर सुवास. बांडगूळ झाडाचा रस पितं. हे बिचारं फक्त फांदीवर बसायला जागा घेतं. १८२० साली इंग्लंडमध्ये ‘वांडा’ ही प्रजाती जाहीर झाली, ती याच झाडावरून. जगभर हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या संकरित वांडांच्या घराण्याला नाव मिळालं, ते असं आपल्या रानातल्या झाडामुळे. पण त्याला रानातच राहू द्या, कुंडीसाठी रोपवाटिकेतूनच रोप आणा.

उपाशी ठेवा, म्हणजे फुलेल
वसंतातलं खास ऑर्किड म्हणजे डेंड्रोबियम नोबिले. हे हिमालयाच्या पायथ्याकडचं झाड सिक्कीमचं राज्यफूल आहे. दिवाळीनंतर त्याचं खत बंद करायचं आणि पाणी अगदी जेमतेम द्यायचं. हदगावची कोरडी हवा आणि हिवाळ्यातल्या गार रात्री उरलेलं काम फुकटात करतात. पानं गळतात, उसासारख्या पेरांच्या काड्या उघड्या पडतात. घाबरून त्या छाटू नका, कळ्या तिथेच धरतात. लाडाने पाणी घालत राहिलात, तर कळ्यांच्या जागी काडीवर नुसती पिल्लं, म्हणजे बारकी रोपं, फुटतात.

लाखो बिया, पण पेरणी फसलीच
ऑर्किडच्या एका बोंडात लाखो बिया असू शकतात, त्याही धुळीसारख्या बारीक. गव्हाच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, इथे ती नाहीच. त्यामुळे रानात विशिष्ट बुरशीने खाऊ घातलं, तरच बी उगवतं. १९२२ साली लुईस नडसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने बुरशीऐवजी साखर घातलेल्या माध्यमावर बाटलीत रोपं उगवून दाखवली. आपल्याकडे तसली बाटली नसल्याने घरचा सोपा रस्ता म्हणजे वाटणी.

चार काड्यांचा हिस्सा
हळदीचा एक डोळेदार गड्डा एकटाच नवं बेट उभं करतो. डेंड्रोबियमला मात्र सोबत लागते. प्रत्येक वाट्याला किमान तीन-चार काड्या आणि एक नवा कोंब हवाच. एकटी काडी जगली तरी फुलायला वर्षं घेते. मुहूर्त दोन: फुलं सरून नव्या कोंबाला मुळं डोकावू लागली की, किंवा मृगाच्या पावसाने हवा ओलसर झाली की. मेच्या फुफाट्यात हातही लावू नका. सुरी जाळावर धरून निर्जंतुक करा आणि कापलेल्या जागी हळद किंवा दालचिनीची पूड लावा. मग काही दिवस पाणी न घालता नुसता फवारा मारा.

यांची वाटणी होत नाही
वांडा आणि फॅलेनॉप्सिस ही ऑर्किडं एकाच खोडावर वर वर वाढतात. त्यांना डेंड्रोबियमसारखं वाटायला गेलात, तर झाडच गमवायची भीती. फॅलेनॉप्सिसच्या फुलांच्या दांड्यावर कधी कधी पिल्लू येतं. त्याला दोन-तीन इंच मुळं आली की मगच आईपासून वेगळं करायचं.

दिवसा दार बंद
वांडा आणि फॅलेनॉप्सिस दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि हवा आत घेतात ती रात्री. त्यामुळे उन्हात पाणी वाचतं. तरी आपल्या वैशाखापुढे शेडनेट हवंच. कूलरच्या ओलसर वाऱ्याच्या आसपास जागा मिळाली तर झाड खूश.

ठिबकचं खत, पागोळीचं पाणी
शेतात ठिबकमधून जाणारं १९:१९:१९ इथेही चालतं, पण लिटरला अर्धा ग्रॅम पुरे. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरे क्षार चढतात. म्हणून पावसाळ्यात पागोळीखाली पिंप ठेवून ते पाणी ऑर्किडसाठी राखून ठेवा.

पणजोबांच्याही आधीचं झाड
सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात १८६१ साली लावलेलं ‘टायगर ऑर्किड’ अजून फुलतं. व्यास पाच मीटरहून जास्त. जुनी काडी थकते, बाजूला नवी फुटते, झाड चालूच.

आइस्क्रीममधलं ऑर्किड
खरा व्हॅनिला म्हणजे एका वेलीसारख्या ऑर्किडची शेंग. तिचं परागीकरण हाताने करायची सोपी युक्ती १८४१ साली रीयुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. आजही मळ्यांत जवळपास तीच वापरतात.

आणि हिशेब
वाटणी केलेलं रोप म्हणजे मूळ झाडच. तामशाच्या आत्याला एक कुंडी दिली आणि निवघ्याच्या मावशीला दुसरी, तरी फूल तेच, रंग तोच. जमिनीच्या वाटणीत भावकी कोर्टाच्या पायऱ्या झिजवते, पण या वाटणीत प्रत्येकाच्या पदरात अख्खं झाड पडतं.